मोठी भावंडं किती?

शुक्रवारी दुपारी दीड वाजता मला कळलं, की गेले तीन आठवडे मी सुलटे मोजे उलटे करून ठेवले होते.

मोज्यांचं सांगतेच, पण आधी मी कोण ते सांगते. मी मॅरेन कोइविस्तो. मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोफेसर हेन्ड्रिक्सन यांच्या लॅबमध्ये मदतनीस आहे, आणि घरच्यांच्या मते सुपीरियर सरोवराच्या या काठावरची सगळ्यात कटकटी मुलगी आहे. माझ्या वहीत आठवड्याचा तास न् तास रंगवलेला असतो. वर्ग निळे, काम हिरवं, जेवण पिवळं. आणि ओटो केशरी. ओटो म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय अठरा, याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला. त्याने कोणते विषय घ्यायचे, कोणत्या हॉस्टेलमध्ये राहायचं, सकाळी कितीला उठायचं, हे सगळं मी ऑगस्टमध्येच ठरवून, रंगवून, त्याच्या पलंगाच्या वर भिंतीला चिकटवून दिलं होतं. तो 'थँक्स' म्हणाला होता. तो नेहमी 'थँक्स'च म्हणतो.

आता काम. प्रोफेसरांचा अभ्यास पहिल्या वर्षाच्या मुलांवर होता. आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असं ज्यांना वाटतं, ती मुलं मनाने जास्त धडधाकट असतात का? दोनशे बारा मुलांनी आपापल्या लॅपटॉपवर चाळीस वाक्यं वाचली आणि प्रत्येकापुढे एक ते पाच असा आकडा दिला. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. वीस वाक्यं आपल्या हातात किती आहे याची, वीस मन कसं आहे याची. त्यातली काही मी लिहिली होती, आणि त्याचा मला केवढा तोरा!

गोम अशी, की अर्धी वाक्यं सरळ असतात आणि अर्धी मुद्दाम उलटी. 'माझे निर्णय मी घेतो' याला पाच दिले तर चांगलं. 'माझ्या हातात काहीच नाही' याला पाच दिले तर वाईट. म्हणून बेरीज करण्याआधी उलट्या वाक्यांचे आकडे फिरवायचे. पाचाचा एक, एकाचा पाच. धुऊन आलेले उलटे मोजे आपण सुलटे करतो, तसंच. मी ते इमानेइतबारे केलं. फक्त एवढंच पाहिलं नाही, की ज्या वेबसाइटवर मुलांनी उत्तरं भरली, तिने ते मोजे आधीच सुलटे केलेले होते. मी ते परत उलटे केले.

मग काय होतं? जो मजेत आहे त्याचीही बेरीज साठाच्या आसपास, आणि ज्याच्या हातून सगळं सुटलंय त्याचीही तेवढीच. शंभरपैकी साठ. दोनशे बारा मुलं, झाडून सगळी मधोमध. मी ते बघून खूश झाले होते. म्हटलं, चला, आमची पोरं ठीक आहेत. प्रोफेसरांनी मात्र गुरुवारी एका ओळीचा ईमेल पाठवला: "मॅरेन, ही आकडेवारी आहे की ओटची लापशी? पुन्हा बघ."

मी पुन्हा बघितलं. मनातून जरा चिडूनच, कारण माझ्या कामात चूक असते हे मला मान्य नसतं. शुक्रवारी सकाळपासून बसले. दीड वाजता चूक सापडली. एक ओळ खोडली, बटण दाबलं, आणि पडद्यावरचे आकडे भराभर पळायला लागले. काही नव्वदच्या वर गेले. काही खाली गेले, आणखी खाली गेले. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले.

कारण सर्व्हेच्या पहिल्या पानावर एक वचन होतं, तेही मीच टाइप केलेलं. 'तुमच्या उत्तरांवरून आम्हांला तुमची काळजी वाटली, तर दोन दिवसांत विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातून तुम्हांला फोन येईल.' मनाच्या वाक्यांत ज्याचे चाळीसच्या खाली गुण येतील, त्याला फोन जाणार होता. माझ्या यादीत चाळीसच्या खाली कोणीच नव्हतं, म्हणून एकालाही फोन गेला नाही. आता अकरा जण होते. आणि मुलांनी सर्व्हे भरून तीन आठवडे झाले होते.

मी प्रोफेसरांना फोन लावला. त्या एका बैठकीसाठी लॅन्सिंगला गेल्या होत्या, गाडीने सात तास लांब. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या.

"मी रडत नाहीये."

"मग रडशील, त्याआधी ऐक. मुलांच्या गुप्त संकेतांपुढे नावं लिहिलेला कागद माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्याजवळ. मी आत्ता निघते. केंद्राच्या बाईंना घेऊन बसते आणि अकराच्या अकरा जणांना आजच फोन जातील."

"पण प्रोफेसर, आज सुट्टी लागतेय! चार वाजेपर्यंत अर्धं हॉस्टेल रिकामं होईल."

"फोन सुट्टीतही वाजतात. आणि मॅरेन, तू कोणाला शोधायला जायचं नाहीस. नाव कोणाला कळणार नाही असा आपण त्यांना शब्द दिलाय. तो मोडलास, तर माझ्या लॅबमध्ये तुझं काम संपलं. पुढच्या शिक्षणासाठी माझं शिफारसपत्रही विसर. फाईल बंद कर आणि घरी जा. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं, आणि फाईल बंद केली नाही.

फाईलमध्ये नावं नव्हतीच. संकेत होते, आणि ते प्रत्येकाने स्वतःच बनवलेले. आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, आपल्या जन्माची तारीख, आणि मोठी भावंडं किती तो आकडा. नाव न लिहिता कोणाची उत्तरं कोणती ते कळावं म्हणून असं करतात. यादीच्या अगदी तळाशी होता एल-ई-०९-२. हातात किती आहे याचे गुण चोवीस. मनाचे सव्वीस. वीसच्या खाली तर कोणी जाऊच शकत नाही. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे या माणसाने सांगितलं होतं, नाही, माझ्या हातात काही नाही.

आमच्या आईचं नाव लीना. एल, ई. ओटोचा वाढदिवस नऊ ऑक्टोबरला.

मग मी शेवटचा आकडा पाहिला आणि श्वास सोडला. दोन होता तो. ओटोला मोठं भावंड एकच, मी. आमच्याकडे मुलं दोन, थोरली मी आणि धाकटा ओटो, हे मी गेली नऊ वर्षं मैत्रिणींना, शिक्षकांना, प्रत्येक फॉर्मवर सांगत आले होते. म्हणजे हा ओटो नाही. मला इतकं हायसं वाटलं, की आता त्याची लाज वाटते. कोणाचं तरी पोर तिथे तळाला होतंच की.

पण मग कोण? मला खुर्चीत बसवेना. बुधवारी मी पहिल्या वर्षाच्या एका गटाची शिकवणी घेते. त्यात ब्रिन हॅलोरन नावाची मुलगी आहे. एकदा तिची आई सगळ्यांसाठी मफिन घेऊन आली होती, तिचं नाव लेआ. एल, ई. ब्रिन नेहमी दोन थोरल्या बहिणींचे जुने स्वेटशर्ट घालते. आणि गेल्या महिन्यात मी तिला पाच गुण कमी दिले, तर ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती. जन्मतारीख मला माहीत नव्हती. पण ती राहते ओटोच्याच हॉस्टेलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आणि चार वाजता ओटोला घेऊन मला घरी जायचंच होतं. त्याच्यासाठी घेतलेली पास्टी माझ्या बॅगेत होती, मोठ्या भाजलेल्या करंजीसारखी, बीफ आणि बटाटा भरलेली, सलगम न घातलेली. त्याला सलगम आवडत नाही. म्हटलं, नुसतं बघून येऊ, विचारायचं काही नाही. स्वतःशी खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही.

वाटेत सगळीकडे मुलं बॅगा ओढत होती. चाकांनी बर्फ वितळायला टाकलेलं मीठ आणि चिखल उडत होता. प्रत्येक टोपीखालचा चेहरा मी वाचत सुटले. हा असेल का? ही? तो एकटाच चालणारा? एक मुलगा खाली बघत चालला होता, मी त्याच्यापुढे जाऊन वळून पाहिलं, तर तो फोनवर सामना बघत होता. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

मी तीन जिने धावत चढले. ब्रिन सूटकेसवर बसून तिची चेन ओढत होती.

"मॅरेन? माझा निबंध राहिलाय म्हणून वसुलीला आलीस?"

"नाही गं. सहज आले. कशी आहेस?"

"सहज?" तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "लिफ्ट सोडून जिन्याने धापा टाकत सहज आलीस?"

"तुझा वाढदिवस कधी असतो?"

"बावीस जूनला. का, केक आणलायस?"

"नऊ तारखेला नाही?"

"थांब हं, आईला फोन करून विचारते. तिची काही गडबड झाली असेल." ती सूटकेसवर जोर देत हसली. हिचं सगळं ठीक होतं. पाच गुणांसाठी रडणारी माणसं बहुतेक ठीकच असतात. "ओटोला शोधत असशील तर तो खाली गेलाय. मागच्या पार्किंगमध्ये. त्याचा भाऊ येतोय ना त्याला न्यायला."

"ओटोला भाऊ नाही."

"मग ट्रॅव्हिस कोण?" ब्रिन म्हणाली. "कपडे धुवायच्या खोलीत बसून रोज त्याच्याशी फोनवर बोलतो. आमच्याशी तर दोन शब्द बोलत नाही. वर्गात येऊन तीन आठवडे झाले त्याला. पण ट्रॅव्हिसचा फोन आला, की पठ्ठ्या उठतो." मग तिने माझा चेहरा पाहिला. "तुला माहीत नव्हतं?"

मी दाराची चौकट धरली.

ट्रॅव्हिस माझ्या वडिलांचा मुलगा. पहिल्या बायकोचा. मी बारा वर्षांची होईपर्यंत तो आमच्यातच राहायचा. मला आणि ओटोला बर्फाला भोक पाडून मासे धरायला त्याने शिकवलं, माझे दात हलायला लागले तेव्हा दोरा त्यानेच बांधला. मग आजोबांचं जंगलातलं लाकडी खोपटं विकण्यावरून त्याचं आणि बाबांचं वाजलं. बाबा म्हणाले, चालता हो, आणि तो झाला. एकोणीस वर्षांचा होता. मला न सांगता गेला. मी चार दिवस खिडकीत बसले. पाचव्या दिवशी ठरवलं, हा आपला कोणी नाही. बाबा गप्प झाले होते, आई हॉस्पिटलात दोन-दोन पाळ्या करत होती. कोणी तरी घर चालवायला हवं होतं, ते मी चालवायला घेतलं. ओटो नऊ वर्षांचा होता. त्याचे हातमोजे, त्याचा डबा, त्याचा गृहपाठ. कोणी मला सांगितलं नव्हतं, पण कोणी थांबवलंही नाही.

माझ्या हिशेबी ओटोला मोठं भावंड एक. त्याच्या हिशेबी दोन. त्याने खरं तेच लिहिलं होतं.

मी जिन्यावरून कशी उतरले मला आठवत नाही. तीन आठवडे वर्गात नाही! आणि दर रविवारी संध्याकाळी तो माझ्यासमोर बसून जेवला होता, पिवळ्या रकान्यात, केशरी अक्षरात. मी मागवलेलं खाल्लं होतं. थँक्स म्हणाला होता. माणसाचं मन कसं असतं हे शिकायला मी वर्षाला एवढी फी भरते, आणि माझ्यासमोर बसलेला भाऊ मला दिसला नाही.

तो पार्किंगच्या कडेला बाकावर बसला होता. मागे यंत्राने लोटलेल्या बर्फाचा ढीग त्याच्या डोक्याच्या वर गेला होता. पायाशी मोठी बॅग. मला बघून तो उठला नाही.

"सव्वातीनच वाजलेत," तो म्हणाला. "चार म्हणाली होतीस, बाईसाहेब. वेळापत्रक मोडलं की."

"तू ट्रॅव्हिसबरोबर चाललायस?"

"ब्रिनच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"मला सांगणार होतास की नाही?"

"मेसेज करणार होतो. गाडी सुरू झाल्यावर."

"तीन आठवडे वर्गात गेला नाहीस, ओटो? तुला कळतंय का काय झालंय ते? ऐक, अजून दोन विषय सोडता येतील, फॉर्म माझ्याकडे आहे, आत्ता आपण ऑफिसात गेलो तर ती बाई मला ओळखते, ती..."

ओटोने डोक्यावर हूड ओढली. लहानपणी बाबा आणि ट्रॅव्हिस भांडायला लागले, की तो अशीच ओढायचा. आणि आता भांडणारी मी होते. मी त्याच्या शेजारी बसले. बाक इतका गार होता की पँटमधून चटका बसला.

"तू प्रोफेसरांचा सर्व्हे भरला होतास," मी म्हटलं. प्रोफेसरांनी बजावलेलं मी त्या क्षणी मोडलं. लॅबची किल्ली मला पुढच्या आठवड्यात परत द्यावी लागली, पण ते नंतरचं.

"ते गुप्त असतं ना?"

"असतं. पण मी ओळखलं. चिडलास तरी चालेल."

तो चिडला नाही. हूडमधूनच बोलला. "सातवं वाक्य तू लिहिलंयस ना? लगेच कळलं. 'माझा आजचा दिवस कसा जाईल हे मी सकाळी उठल्यावर ठरवतो.' पलंगावर पडून भरत होतो. मान वर केली, तर भिंतीवर तुझं वेळापत्रक. मी एवढ्या जोरात हसलो की रूममेटला वाटलं मला वेड लागलं."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"पण बाकी सगळं खरं लिहिलं," तो म्हणाला. "कोणी तरी विचारत होतं आणि तोंडाने सांगावं लागत नव्हतं. बरं वाटलं. मग वाट बघितली. दोन दिवसांत फोन येईल असं लिहिलं होतं ना? मी आंघोळीलाही फोन घेऊन जायचो. सँडविचच्या पिशवीत घालून."

"ओटो..."

"नाही आला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, शहाण्या लोकांनी बघितलं आणि त्यांना काळजी वाटली नाही. म्हणजे मला काही झालेलं नाही. सकाळी उठवत नाही, जेवण घशाखाली उतरत नाही, हा सगळा माझा आळस. माझी नाटकं. मग वर्गात तरी कशाला जायचं? नाटक्या माणसाने तिथे बसून काय करायचं?"

बर्फ उपसायची गाडी करकरत शेजारून गेली. ती जाईपर्यंत मला थांबावं लागलं. मग मी त्याला मोज्यांचं सांगितलं. वेबसाइटने सुलटे केलेले आकडे मी परत उलटे कसे केले, दोनशे बारा मुलं मधोमध कशी आली, ते बघून मी खूश कशी झाले, सगळं. काही लपवलं नाही.

त्याने हूड मागे केली. डोळ्यांखाली काळं होतं. किती दिवसांचं, कोण जाणे.

"म्हणजे मला फोन यायला हवा होता?"

"दोन दिवसांत. सगळ्यात आधी तुला. यादीत तू तळाला आहेस."

"म्हणजे मी ठीक नाहीये?"

"नाहीयेस," मी म्हटलं. "अजिबात ठीक नाहीयेस."

त्याचे खांदे खाली आले. महिनोन् महिने उचलून धरलेलं ओझं कोणी तरी घेतल्यासारखे. "बरं झालं," तो म्हणाला, आणि रडायला लागला. मग मीही रडले. प्रोफेसरांनी सांगितलं होतंच, रडशील म्हणून.

तीन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. समुपदेशन केंद्र शुक्रवारी चारला बंद होतं. माझे हात शिवशिवायला लागले. मी फोन काढला. "मी लावते. मी नीट समजावून सांगते, तिथली एक जण माझ्या ओळखीची..."

"नको."

"अरे, अर्धाच तास राहिलाय."

"मॅरेन. नको." त्याने नाक पुसलं. "त्या बॅगेत काय आहे? वास येतोय."

"पास्टी. तुझीच. सलगम न घातलेली."

"मला सलगम आवडतो."

"तुला आवडत नाही."

"तुला आवडत नाही. मला आवडतो. मी आणि ट्रॅव्हिस तुझ्या ताटातला काढून खायचो, आठवत नाही?"

आठवलं. नऊ वर्षं मी त्याच्यासाठी सलगम न घातलेली पास्टी मागवत होते आणि तो थँक्स म्हणत होता. त्याने पास्टीचा कागद सोडवला आणि खायला लागला. हळूहळू. एक घास, मग समोर बघणं, मग दुसरा घास. साडेतीन. तीन पस्तीस. मी पाय हलवत होते. उठत होते, बसत होते. बर्फाच्या ढिगाला लाथा मारत होते. त्या दहा मिनिटांत मला जेवढा त्रास झाला, तेवढा कुठल्या परीक्षेत झाला नसेल. केंद्र बंद झालं तर? त्याचा विचार बदलला तर? ट्रॅव्हिस आला आणि हा तसाच निघून गेला तर? मी आयुष्यभर याच 'तर'च्या पुढे धावत आले होते.

"ट्रॅव्हिसला माहीत आहे?" मी विचारलं.

"हो. तो म्हणाला, ये, सोफ्यावर झोप, काही ठरवू नकोस." मग एक घास घेऊन, "तो तुझं विचारतो. दरवेळी."

त्यावर मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग आला, एवढं खरं. आणि चार दिवस खिडकीत बसलेली ती मुलगी एकदम उठून उभी राहिल्यासारखं वाटलं.

तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी त्याने कागदाचा बोळा केला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "नंबर दे."

मी नंबर दिला. फक्त नंबर. काय बोलायचं ते सांगितलं नाही, कोणाला मागायचं ते सांगितलं नाही. त्याने फोन कानाला लावला, आणि पलीकडे वाट बघायला लावणारं संगीत वाजायला लागलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसले. खरंच बसले. नाही तर मी फोन ओढून घेतला असता.

"हॅलो," ओटो म्हणाला. "मला... मी ठीक नाहीये." नंतर बराच वेळ तो ऐकत राहिला. "हो. कोइविस्तो. के, ओ, आय... हो, आजच आलो तर बरं. नाही, तसं स्वतःला काही करून घ्यायचं मनात नाही. नुसतं... हो. हो, कोणी तरी बरोबर आहे." सगळे शब्द त्याचे होते. "सव्वाचार? थांबाल? येतो."

मग त्यांनी आणखी काही विचारलं.

"अडीनडीला कोणाला कळवायचं? ट्रॅव्हिस कोइविस्तो," तो म्हणाला. "भाऊ आहे माझा." आणि त्याचा नंबर त्याने तोंडपाठ सांगितला.

मला लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. नऊ वर्षं डबे मी भरले, आणि पहिलं नाव त्याचं. मी समोरच्या खांबाकडे बघत राहिले.

ओटोने फोनवर हात ठेवला. "दुसरं नाव मागतायत. तुझं देऊ?"

"दे."

"तू धावत येशील. हातात यादी घेऊन."

"यादी आणणार नाही."

"आणि धावत?"

मला 'नाही' म्हणायचं होतं, पण ते खोटं ठरलं असतं. "चालत यायचा प्रयत्न करीन," मी म्हटलं.

पार्किंगच्या फाटकातून एक गंजका पिकअप ट्रक आत वळत होता. गाडीतल्या माणसाने टोपी मागे सारली, आणि एवढ्या लांबूनही ती सवय मी ओळखली. मी उठले नाही. ओटोने हात काढला.

"मॅरेन कोइविस्तो," तो फोनमध्ये म्हणाला, आणि माझा नंबर सांगितला. "नातं? बहीण. मोठी बहीण." मग एकदा ट्रककडे आणि एकदा माझ्याकडे पाहून, "म्हणजे मोठ्यांमध्ये दुसरी."

मी ते दुरुस्त केलं नाही.